पहिली ओळ कोरी ठेवायची

१

माझ्या बायकोचा, माधुरीचा, बोर्ड गेल्याचं मला कळलं ते तिच्या वर्षश्राद्धाच्या आधीच्या रविवारी.

माळ्यावर पत्र्याची पेटी होती. पेटीत तिच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला बोर्ड. मी पेटी खाली आणली, कापड सोडलं आणि बोर्ड खिडकीकडे तिरका धरला. चिपांच्या पायांमध्ये माती होती. पिवळट, पिठासारखी बारीक. महाडच्या माणसाला त्या मातीची ओळख करून द्यावी लागत नाही. पुराचं पाणी उतरलं की ती घराच्या प्रत्येक फटीत मागे राहते.

आणि माधुरीचा बोर्ड पुरात भिजलाच नव्हता. दुकानात पाणी शिरायला लागलं तेव्हा मी गिऱ्हाइकांचे टीव्ही उचलत होतो. ती एकच वस्तू छातीशी धरून माळ्यावर चढली. मी ओरडलो, तर वरून म्हणाली, "टीव्ही लोकांचे आहेत. हे माझं आहे."

म्हणजे हातातला बोर्ड तिचा नव्हता. तसाच हिरवा, तेवढाच लांबरुंद, पण दुसरा.

मी बाजारपेठेत टीव्ही दुरुस्त करतो. पुढे दुकान, मागे घर. केबल नवीन होतं तेव्हा मी आणि माझा मित्र सुहास, आम्ही दोघांनी तो धंदा केला. महाड माझ्याकडे, पोलादपूर त्याच्याकडे. सिनेमा नसेल तेव्हा पडद्यावर गावची खबर लिहिलेली दिसायची. लाइट कधी जाणार, कोण वारलं, सावित्रीचं पाणी कुठवर आलं. त्यासाठी आम्ही मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, दोन बोर्ड आणले. बोर्ड म्हणजे डब्यातून बाहेर काढलेला लहानसा कॉम्प्युटर. कीबोर्डवर लिहायचं, ते घराघरातल्या टीव्हीत उमटायचं.

पण त्यात अक्षरं इंग्रजी होती. मराठी अक्षरं माधुरीने केली. चौकटीचा कागद घेऊन, एकेक घर काळं करत, तिने सगळी बाराखडी उभी केली. शेवटी पडद्याचं सुरुवातीचं कोरं पानही आखलं. अक्षरं आणि पान दोन्ही तिने लॅमिंग्टन रोडच्या माणसाकडून एकाच चिपमध्ये भरून आणली. चिप आमच्या महाडच्या बोर्डात बसली, पोलादपूरच्या बोर्डात इंग्रजीच राहिलं. ती चिप एकदाच भरता येते. मग त्यात कोणालाही काही घालता येत नाही, काढताही येत नाही.

चौकटीचे कागद पुरात गेले. तिची अक्षरं आता फक्त त्या चिपमध्ये होती. वर्षश्राद्धाला फोटोखाली आईचं नाव आईच्याच अक्षरांत लावायचं, असं आमच्या पूनमने ठरवलं होतं. म्हणून मी पेटी उघडली होती.

मी परत कापडाकडे पाहिलं. माती लागलेल्या बोर्डाभोवती साडीचा तुकडा तिच्या सवयीप्रमाणेच गुंडाळला होता. दोन वळसे आणि टोक आत खोचलेलं. ज्याने हे केलं त्याला पेटीत काय असतं आणि कसं असतं ते माहीत होतं.

बाहेरचा चोर नव्हता. माझ्या घरात जेवलेला माणूस होता.

२

माधुरी असेपर्यंत पेटी तीच सांभाळायची. तिच्या तेराव्याला माळ्यावर बरीच चढउतर झाली. दुसऱ्या दिवशी मी माळ्याला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला बांधली, ती आजपर्यंत. मधल्या वेळात वर गेलेली माणसं चारच. मोठी पातेली काढायला पूनम. सतरंज्या काढायला सुहास. काहीतरी पिशवीत घालून नेलं तो माधुरीचा भाऊ सुनील. आणि दुकानाचं भंगार उचलायला आलेला मोरू.

मुलीवर संशय घेणं बरं नाही. पण मी घेतला. सगळं विकून पनवेलला या, असं ती वर्षभर म्हणत होती. फोन लावला.

"तू आईचा बोर्ड कोणाला दिलास?"

"कोणाला दिला म्हणजे?"

"सरळ विचारतोय."

तिने तिकडे टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "बाबा, मला त्याच्यावरून फोटो काढायचाय. मीच देईन का कोणाला? तुम्ही जेवलात का?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

मी फोन ठेवला. जेवलो नव्हतो.

मोरूचं गोदाम नदीच्या बाजूला आहे. तिथे छपरापर्यंत पाणी चढलं होतं, त्यामुळे मातीचा माग तिथे जाऊन पोचत होता. मी बोर्ड त्याच्यासमोर टाकला.

"हा तुझ्याकडचा?"

मोरूने तो हातात घेऊन फिरवला आणि हसला. "हरिभाऊ, म्हातारे झालात. याच्या चिपा बघा. सगळ्या जाग्यावर हायत."

"मग?"

"जुन्या चिपांच्या पायांना सोन्याचं पाणी असतं. असला माल माझ्या दारात आला की माझी बायको पहिली पक्कड घेऊन बसते. रात्रीच्या भाकरीआधी सगळ्या चिपा डब्यात. माझ्याकडून गेलेला बोर्ड म्हणजे दात पाडलेलं तोंड. ह्याचं तोंड भरलेलं हाय."

त्याच्या मागे तसे बोडके बोर्ड ढिगाने पडले होते. त्याचं खरं होतं.

निघताना तो म्हणाला, "चोर म्हणून पयला मीच आठवलो ना तुम्हाला?"

मी बोर्ड पिशवीत टाकला. पहिली पूनम आठवली होती, हे त्याला कसं सांगणार?

३

सुहासचं घर बाजारपेठेच्या मागच्या आळीत आहे, तळमजल्यावर. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून रंगाखालून दिसते. त्याने मला खुर्ची दिली, स्वतः चहा केला. बायको माहेरी गेली होती.

"बोर्ड गेला?" तो म्हणाला. "वहिनींचा? अरेरे. मला तुझ्या मेहुण्याचं काही पटलं नव्हतं हां तेव्हाच. कसलीशी पिशवी घेऊन गेला ना तो? कागदात गुंडाळून?"

"तू पाहिलंस?"

"सगळ्यांनी पाहिलं. बोलणार कोण, तेराव्याच्या दिवशी?"

मी पिशवीतला बोर्ड त्याला दाखवला नाही. का ते सांगता येणार नाही. विचारलं, "तुझा पोलादपूरचा बोर्ड आहे का रे अजून?"

"आहे की. एकदम कोरडा. वरच्या फळीवर होता म्हणून वाचला. वाचनालयात 'जुनं महाड' प्रदर्शन भरतंय ना, तिथे दिलाय. चालू करून. नंतर पुण्याची एक संस्था कायमचा घेऊन जाणार आहे. काचेच्या कपाटात बसेल आपला बोर्ड!" मग तो हसला. "काय शिव्या खाल्ल्यात रे त्याच्यापायी मी. आठवतं? पोलादपुरात चित्र सारखं वर पळायचं. बायाबापड्या भांडायला यायच्या. मग मी घरोघर जाऊन टीव्हीच्या मागचं बटण फिरवत बसायचो, चित्र थांबेपर्यंत. तुझ्या महाडला ही कटकट कधी झाली नाही."

"नाही झाली."

"नशीब एकेकाचं. तुझ्याकडे वहिनी होत्या. सगळं गाव म्हणायचं, हरिभाऊची केबल. माझं नाव कोण घेतं आज?"

चहा पिऊन मी उठलो. दारात त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मेहुण्याकडे जाऊन ये. पण भांडू नकोस. दुःख त्यालाही आहे."

हात मायेचा होता. मला तेव्हा तसाच वाटला.

४

माधुरीचं माहेर कुडपणला, डोंगरावर. जीप पोलादपूरहून मिळते. वर चढेपर्यंत मी सुनीलला काय काय बोलायचं ते जुळवत होतो. तो मुंबईला नोकरीला असतो, शेतीच्या कामासाठी रजा काढून आला होता. अंगणात गुरांना वैरण टाकत होता.

"भावोजी! न सांगता?"

"तेराव्याला पिशवीत काय नेलंस?"

त्याचा चेहरा पडला. एकदम पडला. मी मनात म्हटलं, सापडला. तो आत गेला आणि पिशवी घेऊन आला. वर्तमानपत्राचा तोच कागद. आतून निघाली विळी. माधुरीच्या स्वयंपाकघरातली, खोबरं खवायची, पुढे दात असलेली.

"आयेची हाय," सुनील म्हणाला. "आयेने ताईला लग्नात दिली. तुमाला मागायची तर तुमी त्या दिवशी कोनाशी बोलत नव्हता. घेतली. चुकलो. न्या परत."

मी विळी घेतली नाही. पिशवीतून बोर्ड काढून त्याला दाखवला, झालं ते सांगितलं. त्याने माती बोटावर घेऊन पाहिली.

"माज्यावर संशय घेतलात तो घेतलात. पन भावोजी, ही गाळाची माती. माज्या घरात पूर कुठून यायचा? हितं ढग येतात. नदी नाय येत."

एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मला कोणीतरी इकडे पाठवलं होतं आणि मी आलो होतो.

सुनीलची बायको आवडी, तिने भाकरी वाढली. जेवताना ती बोलली तेवढंच त्या घरात कोणी माधुरीबद्दल बोललं. "वन्सं शिमग्याला यायच्या तवा पालखीच्या म्होरं असायच्या. आमची वाघजाई शिमग्याला घरोघर जाते ना. तर वन्सं म्हनायच्या, गो आवडी, तुमची देवी वर्षातून एकदा फिरते. मी तिला रोज अख्ख्या महाडात फिरवते."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"काय म्हायीत! आमी हसायचो. तुमचा देव तर खंडोबा ना?"

"खंडोबा."

"तेच. मी म्हनलं, सासरी जाऊन म्हायेरची देवी कशी फिरवता? तर नुसत्या हसल्या."

उतरताना जीपच्या पुढच्या काचेवर मोठी अक्षरं होती, 'श्री वाघजाई प्रसन्न'. त्या गावातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर, प्रत्येक गाडीवर तीच असतात. मी पाहिली आणि सोडून दिली.

५

पूनम दुसऱ्या दिवशी पनवेलहून आली. तिने आधी भात टाकला, मग माझ्यासमोर बसली. मी माती लागलेला बोर्ड मऊ ब्रशने साफ केला, स्पिरिटने धुतला, उन्हात वाळवला. दोन फुगलेले कपॅसिटर बदलले आणि वीज दिली.

"टीव्हीला लावा ना सरळ," पूनम म्हणाली.

"सॉकेट तोडलंय. कडेला नुसते पाय आहेत. कुठल्या पायावर चित्र आहे ते आधी शोधायला पाहिजे. आणि आताचा टीव्ही काहीही दिलं तरी दाखवतो. मला चित्र नको, सिग्नल पाहिजे."

मी माझा जुना स्कोप चालू केला. ऑसिलोस्कोप. तारेतली वीज कशी चढते-उतरते ती त्याच्या काचेवर हिरव्या रेघेत दिसते. मी टोकदार तार एकेका पायाला लावत गेलो. एका पायावर सरळ आडवी रेघ, तो विजेचा. दुसऱ्यावर दाट चढउतार, तो बोर्डाला ताल देणाऱ्या घड्याळाचा. काहींवर नुसता गोंधळ. कडेच्या पायावर हवी ती आकृती आली. वर टोकं, आणि ठरावीक अंतराने खाली बुडी.

"टीव्हीचं चित्र ओळीओळीने काढतात," मी पूनमला सांगितलं. "ओळ संपली की छोटी बुडी. अख्खं चित्र संपलं की मोठी बुडी. मोठी बुडी आपल्याकडे सेकंदाला पन्नास वेळा येते, अमेरिकेत साठ वेळा. आपल्या घरातली वीजही पन्नासच्या तालावर चालते. म्हणून मी स्कोपला सांगतो, घरच्या विजेच्या तालावर रेघ काढ. बोर्ड आपल्याकडचा असेल तर मोठी बुडी काचेवर जवळजवळ उभी राहील."

बटण फिरवलं. बुडी उभी राहिली नाही. काचेवरून पळत सुटली.

"परदेशी," पूनम म्हणाली.

"साठचा. आपल्या जुन्या टीव्हीवर असल्या बोर्डाचं चित्र कसं दिसायचं माहीत आहे?" मी बोलता बोलता थांबलो. "वर पळायचं."

घरोघर जाऊन मागचं बटण फिरवावं लागायचं. सुहासने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. तशी कटकट महाडला कधीच झाली नव्हती, कारण माधुरीचा बोर्ड पन्नासचा होता.

मी आणखी पाहिलं. या बोर्डाची टोकं तुटक होती, सुटी सुटी. इंग्रजी अक्षरं अशीच दिसतात. मराठी शब्दाच्या डोक्यावर रेघ असते. ती जिथे येईल तिथे सिग्नल शब्दभर वरच राहायला हवा, पट्टीसारखा. इथे एकही पट्टी नव्हती.

पोलादपूरचा बोर्ड माझ्या टेबलावर होता. मग वाचनालयात चालू होता तो कोणता?

पूनमने फोनवर प्रदर्शनाचं निमंत्रण शोधलं आणि न बोलता माझ्यासमोर धरलं. 'विशेष दालन : केबलवरील पहिली मराठी अक्षरे.' खाली 'निर्माते' आणि त्यापुढे सुहासचं पूर्ण नाव.

"आज शेवटचा दिवस आहे," ती म्हणाली. "संध्याकाळी पुण्याचे लोक बोर्ड नेणार."

६

रिक्षात स्कोप मांडीवर घेऊन मी वाचनालयात गेलो. माझ्या एका बाजूला पूनम, दुसऱ्या बाजूला श्राद्धासाठी उतरलेला सुनील.

टेबलावर नवा चपटा टीव्ही होता आणि त्यावर माधुरीची अक्षरं. 'नमस्कार महाडकर.' किती वर्षांनी पाहिली. पूनमने माझा दंड धरला.

ग्रंथपाल प्रियदर्शिनी मॅडम शिस्तीच्या बाई आहेत. मी बोर्ड चोरीचा आहे म्हणालो तशा त्यांनी दार लोटून घेतलं. "हरिभाऊ, आरोप नका करू. दाखवता येत असेल तर दाखवा."

सुहास पुण्याच्या दोन पाहुण्यांजवळ उभा होता. नवा झब्बा घातला होता. "दाखवू दे की," तो म्हणाला. "बिचारा एकटा पडलाय. काहीतरी डोक्यात घेतं माणूस."

"हा पोलादपूरचा बोर्ड?" मी विचारलं.

"किती वेळा सांगू?"

"चित्र वर पळायचं तो?"

"तोच."

मी स्कोपची तार लावली आणि मॅडमना काचेजवळ बोलावलं. बुडीचं आणि तालाचं गणित सांगितलं. मग आधी घरून आणलेला बोर्ड जोडला. बुडी पळाली. मग टेबलावरचा जोडला. बुडी काचेच्या मधोमध आली आणि थांबली. थोडी सरकली असेल, मुंगीच्या चालीने.

"हा बोर्ड पन्नासचा आहे," मी म्हणालो. "याचं चित्र कोणाच्याही टीव्हीवर कधी पळालं नसतं. पळणारा हा, माती लागलेला. माझ्या माळ्यावर सापडला."

पुण्याचा एक पाहुणा वाकून दोन्ही वेळा बघून गेला होता. त्याने मान हलवली.

सुहास एक पाऊल मागे सरला. पण तो जुना धंदेवाईक माणूस. "बरं, असेल. सतरंज्या काढताना अदलाबदल झाली असेल. तुझा बोर्ड तू घेऊन जा. पण चिप माझी आहे. अक्षरं मी केली. वहिनींनी फक्त बातम्या टाइप केल्या. नसेल तर सिद्ध कर."

मॅडम माझ्याकडे पाहू लागल्या. माझ्याकडे काही नव्हतं. कागद पुरात गेले होते. तिने कुठेही सही केलेली नव्हती.

पूनम म्हणाली, "काका, आई रात्र रात्र बसून कागद काळे करायची, मी तिच्या शेजारी झोपायचे."

"तू लहान होतीस गो."

मी मान खाली घातली, आणि नजर स्कोपच्या काचेवर गेली. मोठ्या बुडीच्या लगेच पुढे, जिथे सिग्नल शांत असायला हवा, तिथे काहीतरी होतं.

७

आमचा एक नियम होता. टीव्ही चित्राची वरची कड कापतो. म्हणून पहिली ओळ कोरी ठेवायची, लिहायचं ते दुसरीपासून. नवे टीव्हीही वरचा तुकडा खातात. या टीव्हीतही 'नमस्कार महाडकर'च्या वर काही नव्हतं.

"सुहास," मी म्हणालो, "सुरुवातीचं पानही तूच आखलंस?"

"अक्षरं माझी म्हणजे पानही माझंच. एकाच चिपमध्ये भरलं ना."

"एकाच वेळी. नंतर कोणी काही घातलेलं नाही."

"घालताच येत नाही."

"मग पहिल्या ओळीत काय आहे?"

तो हसला. "काय असणार? कोरी आहे. तुझाच नियम."

"नक्की? पान तू आखलंस म्हणून विचारतो."

"कोरी आहे! आमच्या केदारनाथाची शपथ. झालं?"

मी मॅडमकडे चौकटीचा कागद मागितला. शाळेच्या पोरांसाठी ठेवलेला होता. कागद आणि पेन्सिल पूनमकडे दिली. अक्षरांची एक ओळ म्हणजे चित्राच्या बऱ्याच बारीक ओळी, आणि स्कोपवर त्यातली हवी ती एकच पकडता येते. मोठी बुडी झाली की थोडं थांब आणि पुढची एक ओळ दाखव, असं सांगणारं बटण असतं. मी पहिली ओळ पकडली. रेघ वर गेली की मी घर सांगायचो, पूनम ते काळं करायची. मग दुसरी ओळ. मग तिसरी.

आधी ठिपके आले, वेलांटीचे. मग पट्ट्या आल्या. एक आखूड, एक लांब, एक मधली. तीन शब्द. मराठी.

पुण्याचे दोघे जवळ येऊन वाकले. सुहास म्हणाला, "कचरा असतो तो, जुन्या बोर्डात येतो तसा." त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. ओळीमागून ओळ कागद भरत गेला. पूनमची मान आईसारखी उजवीकडे झुकली होती.

अक्षरं मी वाचली नाहीत. सुनीलने वाचली, माझ्या मागे उभा राहून, एकेक करत.

"श्री. वाघजाई. प्रसन्न."

मॅडमनी कागद उचलला आणि टीव्हीवरच्या अक्षरांशेजारी धरला. तेच वळण, तोच जाडपणा.

"सुहासराव, तुमचं दैवत?"

तो खिडकीकडे वळला. त्याने थोड्या वेळापूर्वी केदारनाथाची शपथ घेतली होती.

"हरिभाऊ, तुमचं?"

"खंडोबा. वाघजाई माझ्या बायकोच्या माहेरची. कुडपणची."

ज्याने ती ओळ आखली त्याने अक्षरं आखली. सुहासने आखली नव्हती, कारण ती तिथे आहे हेच त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. लग्न होऊन आलेल्या बाईने पत्रिकेवर, दारावर, दुकानावर सासरचा देव लिहायचा असतो. माझ्या दुकानाच्या पाटीवर खंडोबा होता. तिने तिची देवी अशा जागी लिहिली जिथे कोणी पाहणार नव्हतं, आणि रोज संध्याकाळी ती अख्ख्या महाडच्या घराघरात जात होती.

सुहास खुर्चीवर बसला. "पुरात माझं सगळं गेलं," तो म्हणाला. "तुझं दुकान निदान लोकांना आठवतं. मला माझ्या नावाची एक पाटी पाहिजे होती. वहिनी तर आता नाहीत, म्हटलं त्यांना काय फरक पडतो."

सुनील त्याच्या अंगावर जायला निघाला. पूनमने त्याला अडवलं. मी स्कोपची तार गुंडाळत राहिलो. तेराव्याला याच माणसाने माझ्या घरी पंगतीला पानं वाढली होती, एवढंच डोक्यात येत राहिलं.

मॅडमनी टेबलावरची सुहासच्या नावाची पाटी काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हाताने माधुरीचं नाव लिहिलं. बोर्ड कोणाला द्यायचा ते मी ठरवावं, असं पुण्याचे पाहुणे म्हणाले. मी म्हणालो, चिपची नक्कल करून न्या, नाव घालून न्या, बोर्ड राहू दे. त्यांना ते चाललं.

वर्षश्राद्ध झालं. फोटोखाली तिचं नाव तिच्या अक्षरांत आहे. विळी सुनील परत घेऊन आला होता, ती मी त्यालाच दिली. तिचा बोर्ड साडीच्या तुकड्यात घालून आता माळ्यावर नाही, दुकानात टेबलावर ठेवतो. सुहास एकदा रस्त्यात दिसला. तो थांबला, मी थांबलो नाही.

काल मी सहज स्कोप लावला आणि ओळी मोजत शेवटपर्यंत गेलो. टीव्ही खालचीही कड कापतो. तिथेही पट्ट्या आहेत, पाच-सहा शब्दांच्या तरी. पूनमला फोन केला तर म्हणाली, मी शनिवारी येते, तोवर कागदावर काढू नका.

चौकटीचा कागद आणून ठेवला आहे. खालची ओळ मांडायची राहिली आहे.